कोयासान: जिथून बायका परत फिरल्या, त्या वाटेने वर

कोयासान या जपानमधल्या बौद्ध मठांच्या डोंगरावर जाणं तसं अवघड नाही. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनात नान्काई या रेल्वे कंपनीची गाडी पकडायची, गोकुराकुबाशीला उतरायचं, केबल कारने पाच मिनिटांत सव्वातीनशे मीटर चढायचं आणि वरून बस घ्यायची. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी मठांच्या गावात पोचतो. मी मात्र हाशिमोतोला गाडी बदलून कुदोयामा नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. तिथून डोंगरमाथ्यावरच्या दाइमोन या महाद्वारापर्यंत चोइशिमिची ही जुनी यात्रावाट जाते. अंतर सुमारे वीस किलोमीटर. रमतगमत चाललं तर दिवस जातो.

पायी जायला कारण होतं. मी नागपूरची, बौद्ध घरात वाढलेली. धम्म म्हणजे आमच्याकडे पांढरे कपडे, त्रिसरण-पंचशील आणि दीक्षाभूमी. देवळाच्या दारात अडवलं जाणं म्हणजे काय, हे आजीच्या तोंडून ऐकत मोठी झाले. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह आमच्या घरात इतिहासाच्या पुस्तकातला धडा नव्हता, आपल्या माणसांची गोष्ट होती. नोकरीमुळे ओसाकाला आल्यावर कोयासानबद्दल वाचायला लागले आणि एका ओळीपाशी थांबले: या बौद्ध डोंगरावर हजार वर्षांहून अधिक काळ बायकांना प्रवेश नव्हता. हे वाचून मला लागलं. बुद्धाच्या नावाने उभ्या राहिलेल्या जागेत दार बंद? तेव्हाच ठरवलं, जायचं तर बायकांना जिथून परत फिरवलं जायचं त्या वाटेने जायचं, आणि थेट आतपर्यंत जायचं.

हा डोंगर वसवला कूकाईने. जपानी लोक त्याला कोबो दाइशी म्हणतात आणि त्याचं नाव घेताना आजही आवाज खाली आणतात. जन्म ७७४ सालचा, शिकोकू बेटावरचा. ८०४ मध्ये तो चीनला गेला. चांगआन शहरात हुइक्वो या आचार्यांकडून त्याने गुह्य बौद्ध पंथाची दीक्षा घेतली आणि प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्खूकडे संस्कृतचे पाठ घेतले. परतल्यावर ८१६ मध्ये सम्राट सागाकडून त्याला साधनेसाठी हा डोंगर मिळाला. समुद्रसपाटीपासून आठशे मीटर उंचीवरचा हा सपाट खोलगा आठ शिखरांनी वेढलेला आहे, म्हणून त्याला आठ पाकळ्यांचं कमळ म्हणतात.

वाट सुरू होते जिसोन-इन या देवळापाशी. कूकाईची आई मुलाला भेटायला शिकोकूहून इथवर आली, पण डोंगरावर बायकांना मनाई, म्हणून ती पायथ्याशीच राहिली, अशी आख्यायिका आहे. मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला यायचा म्हणतात. आज हे बायकांचं देऊळ आहे. मुख्य मंदिरासमोर नवसाच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असतात आणि त्यांवर कापडाचे स्तन शिवून लावलेले असतात. सुखरूप बाळंतपणासाठी, अंगावर दूध यावं म्हणून, स्तनाच्या कर्करोगातून बरं वाटावं म्हणून. मी त्या पाट्यांपुढे बराच वेळ उभी होते. कोणी स्वतःच्या हाताने, कच्च्या टाक्यांनी शिवलेल्या. त्यांवर काय लिहिलंय ते मला पूर्ण वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरजही नव्हती. एक म्हातारी बाई एक पाटी सरळ करून गेली. वाऱ्याने उलटली होती.

देवळामागच्या पायऱ्यांवरच पहिला दगड भेटतो. त्यावर आकडा आहे १८०. वर गारान या मुख्य मंदिरांच्या आवारापर्यंत असे एकशे ऐंशी दगड आहेत, दर १०९ मीटरवर एक, आणि आकडा उतरत जातो. पूर्वी इथे लाकडी खुणा होत्या. १२६५ ते १२८५ या वीस वर्षांत त्या जागी हे दगड उभे राहिले. खर्च उचलणाऱ्यांत राजघराण्यातली माणसं होती, सरदार होते, सामान्य लोकही होते. दगडाला खालून वर पाच आकार: चौकोन पृथ्वीचा, गोल पाण्याचा, त्रिकोणी छप्पर अग्नीचं, अर्धचंद्र वाऱ्याचा आणि वरचा मणी आकाशाचा. पंचमहाभूतं! त्याखाली कोरलेलं एक बीजाक्षर, सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतलं. मंडल म्हणजे देवतांची मांडणी दाखवणारं चित्र; हे एकशे ऐंशी दगड म्हणजे गर्भधातु मंडलातल्या एकशे ऐंशी देवता. वर गारानपासून ओकुनोइन या कूकाईच्या समाधीपर्यंत आणखी छत्तीस दगड आहेत, ते वज्रधातु मंडलाचे. यात्रेकरू मंडलाचं चित्र बघत नाही, त्यातून चालत जातो, आणि लोक प्रत्येक दगडापुढे हात जोडत वर चढायचे. ही कल्पना मला फार आवडली. पहिल्या तासात मीही प्रत्येक दगडापाशी थांबत होते.

सुरुवातीचा चढ पर्सिमनच्या बागांमधून आहे. ऑक्टोबरअखेरीला फांद्या फळांनी वाकलेल्या होत्या, खाली किनोकावा नदीचं पात्र चमकत होतं. रस्त्याकडेला फळांच्या पिशव्या आणि पैसे टाकायला डबा. विकणारं कोणी नाही. मी एक पिशवी घेतली आणि दिवसभर तेच खात राहिले. बागा संपल्यावर सुगी आणि हिनोकी या उंच सूचिपर्णी झाडांचं जंगल लागतं आणि मग चार-पाच तास जंगलच. अस्वलांपासून सावध राहायच्या सूचना आहेत, म्हणून मी पिशवीला घंटी बांधली होती. अध्येमध्ये एखादा जण भेटे आणि "कोन्निचिवा" म्हणून पुढे जाई.

एकशे विसाव्या दगडाजवळ दोन तोरी, म्हणजे शिंतो देवस्थानाच्या कमानी, शेजारीशेजारी उभ्या आहेत. तिथून खाली आमानो गावाची खाचरं दिसतात. त्या गावात निउत्सुहिमे देवीचं ठाणं आहे. कूकाई जागा शोधत फिरत होता, तेव्हा एक काळा आणि एक पांढरा कुत्रा घेतलेल्या शिकाऱ्याने त्याला वाट दाखवली आणि या देवीने आपला डोंगर त्याला दिला, अशी कथा आहे. म्हणजे डोंगराची मूळ मालकीण एक देवी. त्या कमानीखाली बसून डबा खाताना हे माझ्या मनातून जाईना. जिने जागा दिली, तिच्या लेकींना मज्जाव.

यादाते नावाच्या ठिकाणी वाट मोटाररस्त्याला मिळते आणि पुन्हा जंगलात शिरते. तिथे साठावा दगड. त्यापुढे काही वेळाने एक मोठा खडक येतो, केसाकाके-इशी. कूकाईने आपलं चीवर यावर ठेवलं होतं म्हणतात. इथून आत पवित्र क्षेत्र सुरू होतं. बायकांची सीमा हीच.

याची जी गोष्ट सांगतात ती मी आधी वाचून गेले होते, तरी तिथे उभी राहिल्यावर अंगावर आली. कूकाईची आई म्हातारपणी हट्टाने इथवर चढून आली. मुलाने खडकावर चीवर अंथरलं आणि म्हणाला, येत असशील तर हे ओलांडून ये. तिने पाऊल टाकलं, आणि इतक्या वयाच्या त्या बाईला विटाळ झाला. चीवर पेटलं, आकाशातून आगीचा पाऊस सुरू झाला. तेव्हा मुलाने थोडं पुढचा एक खडक हाताने उचलून धरला आणि आईला त्याखाली आसरा दिला. तो दुसरा खडकही वाटेवरच आहे, ओशिआगे-इशी.

लोक ही गोष्ट मुलाच्या मायेची म्हणून सांगतात. मी ती तशी ऐकू शकत नाही. आईच्या रक्ताने चीवर जळतं असं जी गोष्ट सांगते, ती मायेआधी विटाळाची गोष्ट आहे, आणि विटाळ हा शब्द आमच्या माणसांना नवा नाही. कोणाच्या सावलीचा, कोणाच्या हातच्या पाण्याचा, कोणाच्या रक्ताचा; माणसाला दाराबाहेर ठेवायला कारण लागतं आणि ते देवाच्या नावाने मिळतं. बुद्धाने महाप्रजापती गौतमीला आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांना संघात घेतलं होतं. तो धम्म इतके डोंगर-समुद्र ओलांडून इथे आला आणि या खडकापाशी अडकला. मी खडकाला हात लावला, त्याच्या कडेने पुढे गेले आणि मनातल्या मनात पंचशील म्हटलं. एवढंच करायचं होतं मला तिथे.

शेवटचा तास सगळ्यात चढाचा. पिंडऱ्या भरून आल्या होत्या. मग झाडांमधून एकदम मोकळं आकाश आणि समोर दाइमोन: पंचवीस मीटर उंच, लाल लाकडाचं, दोन मजली दार. सध्याची इमारत १७०५ सालची. दोन्ही बाजूंना दोन नियो, म्हणजे द्वारपाल, रागाने स्नायू ताणून उभे. दाराला बंद करायच्या फळ्या नाहीत, वारा आरपार वाहतो. मी मधोमध उभी राहून मागे वळून पाहिलं. डोंगरांच्या रांगांवर रांगा होत्या आणि सूर्य कलला होता. आत गेले.

वर एकशे सतरा मंदिरं आहेत आणि त्यांतल्या पन्नासएक मंदिरांत मुक्कामाची सोय आहे, तिला शुकुबो म्हणतात. खोली आधीच ठरवावी लागते आणि संध्याकाळी पाचच्या आत पोचलेलं बरं, कारण जेवण साडेपाचला येतं. दारात बूट काढायचे, एक तरुण भिक्खू खोली दाखवतो. तातामी, बुटकं टेबल, कागदी सरकती दारं, ऊबेला एक शेगडी. न्हाणीघर सामाईक, आधी अंग स्वच्छ धुऊन मग गरम पाण्यात बसायचं. वीस किलोमीटरनंतर त्या पाण्याचं मोल काय, ते चाललेल्यालाच कळेल.

जेवण लाल लाखेच्या छोट्या चौरंगांवर आलं. शोजिन र्योरी, म्हणजे मठाचं जेवण: मांस, मासे, अंडं काही नाही आणि कांदा-लसूणही वर्ज्य. रस्सासुद्धा कोम्बू शेवाळ आणि शिइताके अळंबीचा. गोमादोफू हा तीळ आणि कुडझूच्या कंदाचं सत्त्व घोटून केलेला मऊ गोळा, वर थोडी वासाबी. कोयादोफू हे इथलंच. थंडीत गोठवून सुकवलेलं टोफू गोडसर रसात शिजवतात आणि ते रस शोषून घेतं. भाज्यांचा तेम्पुरा, लोणची, भात. मी शेवटचं शीतही ठेवलं नाही. तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवलीस का? काय होतं?"

"सगळं आपल्याला चालेल असं. पण कांदा-लसूण नाही."

"मग चव कशाची गं?"

"तिळाची," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही, असं तिच्या हुंकारावरून कळलं.

सकाळी सहाला प्रार्थना. मंद दिव्यांचं सोनेरी गर्भगृह आणि भिक्खूंचा एकसुरी, खोल आवाज. नंतर बाजूच्या दालनात गोमा, म्हणजे होमच. फुदो म्योओ या उग्र रक्षक देवतेच्या मूर्तीपुढे वेदी, तीवर रचलेल्या काड्या, ढोलाचा ठोका आणि छताकडे झेपावणारी ज्वाला. काड्या म्हणजे आपले विकार आणि अग्नी म्हणजे प्रज्ञा, असा अर्थ सांगतात. खरं सांगते, मला इथे परकं वाटलं. बाबासाहेबांनी आम्हाला दिलेल्या धम्मात यज्ञाला जागा नाही, आणि ती नाही हे योग्यच आहे असं मी मानते. पण शेजारी बसलेल्या एका जपानी आजीबाई नवऱ्याच्या नावाची लाकडी पट्टी अग्नीत जाताना पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यापुढे वाद घालावा असं माझ्यात काही उरलं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हटलं. उच्चार जपानी, मला एक शब्द लागेना. पण अखेरीला "ग्याते ग्याते हारा ग्याते" आलं आणि मी त्यांच्यासोबत "गते गते पारगते" म्हणू लागले. तिथे परकेपणा गेला.

ओकुनोइन म्हणजे कूकाईची समाधी. ८३५ साली तो ध्यानात बसला आणि अजून ध्यानातच आहे, अशी इथली श्रद्धा. म्हणून रोज दोनदा, सकाळी सहा आणि साडेदहाला, त्याला जेवण जातं. इचिनोहाशी पुलापासून समाधीपर्यंतची दोन किलोमीटरची वाट उंच, शेवाळलेल्या सुगींमधून जाते आणि दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. इथे पंथ विचारत नाहीत. ताकेदा शिनगेन आणि उएसुगी केनशिन हे हाडवैरी जवळजवळ आहेत. ओदा नोबुनागाने १५८१ मध्ये याच डोंगरावर सैन्य धाडलं होतं, त्याचीही समाधी आहे, आणि त्याचा घात करणाऱ्या आकेची मित्सुहिदेचीही. शिमाझु घराण्याने १५९९ मध्ये उभारलेला एक स्तंभ कोरियाच्या युद्धात मेलेल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी आहे. शत्रूच्या मृतांसाठी दगड उभारावा, ही गोष्ट मला त्या सगळ्या जंगलात सर्वात मोठी वाटली.

आकाराने सर्वात मोठा दगड मात्र एका बाईचा आहे. साडेसहा मीटरहून उंच, पंचमहाभूतांच्या त्याच आकारांचा. दुसरा शोगुन तोकुगावा हिदेतादा याची बायको सूगेन-इन हिच्यासाठी तिच्या धाकट्या मुलाने १६२७ च्या सुमारास तो उभारला. जिवंतपणी ती इथे पाऊल ठेवू शकली नसती. शोगुनची बायको असूनसुद्धा.

पुढे गोब्योबाशी पूल. इथे टोपी काढायची, कॅमेरा बंद करायचा. पुलापलीकडे आधी दिव्यांचं दालन, तोरोदो, दहा हजारांहून अधिक कंदिलांचं. त्यांतले दोन कंदील सुमारे हजार वर्षं अखंड तेवत आहेत असं मानतात. एक सम्राट शिराकावाच्या नावाचा. दुसरा ओतेरू नावाच्या एका गरीब मुलीचा. तिने आईवडिलांसाठी दिवा लावायला आपले केस विकले, अशी कथा. दिवा आत आला, मुलगी बाहेर राहिली असणार. दालनामागे समाधीचं बंद दार, पुढे धूप आणि पाठ करणारे लोक. शिकोकूची अठ्ठ्याऐंशी मंदिरांची यात्रा पूर्ण करून आलेले पांढऱ्या कपड्यांतले यात्रेकरू आभार मानायला आले होते. परतताना समोरून पिवळ्या चीवरातले भिक्खू पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन आले. साडेदहाचं जेवण. सगळे बाजूला झाले, मीही.

दान्जो गारान, म्हणजे त्याच मुख्य आवारातल्या कोन्पोन दाइतोबद्दल लिहायलाच हवं. साडेअठ्ठेचाळीस मीटरचा शेंदरी स्तूप, सध्याचा १९३७ सालचा. आत मधोमध महावैरोचन, भोवती चार बुद्ध, सोळा खांबांवर सोळा बोधिसत्त्व रंगवलेले: मंडल उभं केलेलं, ज्यात आपण फिरू शकतो. मला वेरूळचं बारावं लेणं आठवलं. तीन ताल. तिथेही भिंतीवर नऊ चौकटींचं मंडल कोरलंय, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व, कूकाईच्या जन्माच्या आसपासच्या काळातलं. शाळेच्या सहलीत आम्हाला ते कोणी दाखवलं नव्हतं. "हे बुद्धाचं, चला पुढे" म्हणून नेलं होतं. दाइतोच्या कोपऱ्यांत पंथाच्या आठ आचार्यांची चित्रं आहेत आणि त्यांत नागार्जुन आहे. आमच्या रामटेकच्या डोंगराशी ज्याचं नाव जोडतात, तोच. नागपूरहून आलेल्या बाईला इथे नागार्जुन भेटावा याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

निघताना न्योनिन्दो या बायकांच्या दालनापाशी उतरले. केबल कारच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या बसचा हा थांबा आहे आणि बहुतेक लोक खिडकीतून बघून पुढे जातात. पूर्वी डोंगराच्या सात वाटांवर बायकांसाठी एकेक अशी खोली होती. उरली ती ही एकच. बायका इथवर यायच्या, रात्रभर इथे नामस्मरण करायच्या आणि आत जाता येत नाही म्हणून डोंगराच्या कडेकडेने फिरायच्या. शिखरांच्या धारेवरून, खाली झाडांत कुठे स्तूपाचं टोक दिसतं का ते पाहत. त्यांच्या पायांनी पडलेली ती वाट अजून आहे, न्योनिन-मिची. समोर रस्त्यापलीकडे एदोच्या (आजच्या टोकियोच्या) ताके नावाच्या बाईने १७४५ मध्ये दिलेली जिझो या बोधिसत्त्वाची मोठी कांस्यमूर्ती आहे. तिचीही देणगी दारापर्यंतच पोचली.

१८७२ मध्ये सरकारी हुकमाने बंदी उठली. डोंगराला ते पूर्ण पचनी पडायला १९०६ उजाडलं. कोयासानसोबतच २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या ओमिने पर्वताच्या सान्जोगाताके शिखरावर आजही बायकांना मनाई आहे. युनेस्कोच्या पाटीने ती उठली नाही.

न्योनिन-मिचीवरून मी बेंतेनदाकेच्या शिखरापर्यंत जाऊन आले. वर छोटं देऊळ आहे आणि तिथवरचा चढ फार नाही. कोणी जाणार असाल तर हे चुकवू नका, आणि शक्यतो आधी हेच बघा, मग आतली देवळं. पुढच्या शरदात आई येणार आहे. तिचे गुडघे चोइशिमिचीला साथ देणार नाहीत, तेव्हा केबल कारच. वर बसमध्ये बसवून पहिल्यांदा न्योनिन्दोला उतरवणार, तिथे वंदना घेणार आणि मग तिला आत घेऊन जाणार.